मेव्हण्यांना दर्शिनीत कसे न्यावे

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या मराठी माणसाचा इटलीला जाऊन आलेला एक तरी नातेवाईक असतोच. आमच्या वाट्याला मेव्हणे आलेत. कंपनीच्या कामासाठी ते तीन महिने मिलानला होते. ते तीन महिने आम्हाला सहा वर्षं पुरलेत. असा पाहुणा पुण्याहून सकाळच्या बसनं येऊन थडकला, तर पुढील नियम पाळावेत.

पहिला : उभं राहावं. इटलीत कॉफी काउंटरशी उभ्यानं पितात, टेबलावर बसलं तर बरेचदा पैसे जास्त पडतात, हे मेव्हण्यांकडून शंभरदा ऐकलंय. पण कोनप्पन अग्रहारातल्या दर्शिनीत पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न, "बसायचं कुठं?" अहो, १९८३ साली जयनगरात पहिली दर्शिनी निघाली तीच मुळी उभ्यानं खाणाऱ्यांसाठी. आधी गल्ल्यावर पैसे, मग चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी, मग बशी सांभाळत छातीइतक्या उंच टेबलाशी. तिथं आधीच दोघं चरत असतात. त्यांची परवानगी मागू नये. कोपर अंगाशी घेऊन बशी टेकवावी, ते आपोआप सरकतात.

दुसरा : खारा बात म्हणजे उपमा आणि केसरी बात म्हणजे शिरा, हा शोध मोठ्यानं जाहीर करू नये.

तिसरा : सांबारात गूळ आहे म्हणून तोंड वाकडं करू नये. आमटीत गूळ घालणाऱ्या पुणेकरानं तर नाहीच.

चौथा नियम कॉफीचा. अकरानंतर दुधाची कॉफी पिणं हे इटलीत अडाणीपणाचं लक्षण. म्हणून दुपारी मेव्हणे फक्त 'बाय-टू' घेतात. एकाच कॉफीचे दोन पेले. यात त्यांचा नियम अर्धाच मोडतो आणि माझी कॉफी अर्धी होते. मला अख्खी हवी असते हो! चार वाजता, स्ट्राँग, 'सक्करे कम्मी'. गेली सहा वर्षं हे सांगायचं राहून जातंय.

पाचवा : भारताची सर्वांत जास्त कॉफी इटलीच विकत घेते आणि देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, हे त्यांना सांगू नये. मी सांगितलं. मिलानच्या त्या कपात कदाचित आपलं कोडगूच असेल, म्हटलं. मेव्हणे क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "असेल. पण भाजतात ते!"

परत जाताना मात्र त्यांनी अर्धा किलो पूड दळून घेतली. चिकोरी वीस टक्के, एक चिमूट जास्त नको, असं दुकानदाराला तीनदा बजावलं. वर पितळी फिल्टरही घेतला.

काल फोन आला. डिकॉक्शन पातळ उतरतंय. म्हटलं, पूड चकतीनं हलकेच दाबा, पाणी थोडं घाला आणि झाकण ठेवून विसरून जा. "पण मला आत्ता प्यायचीय रे!"

घड्याळात साडेचार वाजले होते.