हितसंबंधांत संघर्ष नसल्याबद्दल अभिनंदन!

प्रति,
महाराष्ट्रातील समस्त चेअरमन-आमदार, चेअरमन-खासदार आणि चेअरमन-मंत्री (आजी, माजी व भावी),
मुक्काम : कारखाना, पतसंस्था, शिक्षण संस्था किंवा मुंबई; जिथे असाल तिथे.



टीव्हीवर अधूनमधून कुणीतरी शिकलेला माणूस 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणून काहीतरी सांगत असतो. आम्ही आमच्या हट्टा गावच्या पारावर बसून त्याचा बराच शोध घेतला, पण संघर्ष काही सापडला नाही. उसाला भाव मागणारे तुम्ही आणि देणारेही तुम्हीच. कर्जाचा अर्ज करणारे तुम्ही, मंजुरीची सही तुमची, हमी देणारे सरकारही तुमचेच. भांडायला निदान दोघे लागतात. तुम्ही तर सगळ्या खुर्च्यांवर एकटेच बसलेले! एवढा सलोखा आमच्या बांधावर सख्ख्या भावांत नाही. म्हणून हे अभिनंदनाचे पत्र.

आमचा वसमत तालुका हळदीचा तसा उसाचा, त्यामुळे तुमची जडणघडण आम्ही जवळून पाहिली आहे. इथल्या पूर्णा कारखान्याचे नेतृत्व करणारे जयप्रकाश दांडेगावकर आमदार झाले, मंत्री झाले, देशातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या महासंघाचे अध्यक्षही झाले. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. उलट तालुक्याचा माणूस दिल्लीपर्यंत गेला म्हणून अभिमानच आहे. सांगायचे एवढेच, की महाराष्ट्रात विधानसभेचा रस्ता कारखान्याच्या गव्हाणीवरून जातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन प्रवरेला कारखाना उभा केला, तेव्हा मालक शेतकरी होता. आजही कागदोपत्री तोच आहे. वार्षिक सभेत अहवाल मंजूर करायला हात वर करतो तो हाच मालक.

तुमच्या दूरदृष्टीला खरी दाद द्यायची तर कायद्याचे पुस्तक उघडावे लागते. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951. त्याचे कलम 10 असे, की ज्या कंपनीत सरकारचे 25 टक्के किंवा त्याहून जास्त भांडवल आहे, तिचा मॅनेजर किंवा सेक्रेटरी आमदार-खासदार होऊ शकत नाही. वाचून आम्हाला तुमची काळजी वाटली. मग लगेच कंस दिसला : सहकारी संस्था सोडून. जीव भांड्यात पडला. कारखान्यात सरकारचे भागभांडवल कितीही असो, तुम्ही सुरक्षित! एवढ्याशा कंसात अख्खा पश्चिम महाराष्ट्र मावतो, आणि कडेला मराठवाड्यालाही जागा उरते.

आता कामकाजाकडे येऊ. ऊस नियंत्रण आदेश सांगतो, की ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. पैसे थकले की पुण्याचे साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे वसुलीचे प्रमाणपत्र, काढतात, आणि मग कलेक्टर साहेबांनी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची. वसुलीला कुणाच्या दारात जायचे? ज्यांच्या सरकारात कलेक्टर साहेबांची बदली ठरते, त्यांच्याच. एवढे अंतर चालून जायला माणसाला वेळ लागणारच. शेतकरी उगाच घाई करतो.

अंतरावरून आठवले. केंद्र सरकार म्हणते, दोन कारखान्यांत निदान 15 किलोमीटर अंतर हवे. आपल्या राज्याने ते 25 केले. शेजारी दुसरा कारखाना आला असता तर उसासाठी ओढाताण झाली असती, आणि आम्हाला दोन पैसे जास्त मिळून आमच्या सवयी बिघडल्या असत्या. शेतकरी संघटना ही अट काढा म्हणून ओरडत असतात. पण अट काढायची कुणी? गाळप कधी सुरू करायचे तेही मंत्र्यांची समितीच ठरवते. सहकार खाते सांभाळून गेलेले मंत्री बघा : हर्षवर्धन पाटील आले ते इंदापूरच्या कारखानदारीतून, बाळासाहेब पाटील कराडच्या सह्याद्री कारखान्याचे अध्यक्ष, दिलीप वळसे पाटील भीमाशंकर कारखान्याचे संस्थापक. यात बेकायदेशीर काहीही नाही. आमचे कौतुक नेमके त्याचेच आहे.

कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ 2011 साली बरखास्त झाले. त्या मंडळात सगळ्या पक्षांचे पुढारी मांडीला मांडी लावून बसलेले होते. सभागृहात एकमेकांचे माइक ओढणारे लोक कर्जाच्या फायलीवर एका सुरात बोलत होते, अशी एकी वारीत तरी दिसते का? 2019 मध्ये हायकोर्टाने त्या कर्जवाटपाबद्दल गुन्हा नोंदवायला लावला. पुढे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, एकदा नव्हे, दोनदा. आरोप सिद्ध झालेले नाहीत, म्हणून आम्ही गप्प बसतो. मात्र राज्य बँकेची थकबाकी झाली म्हणून ज्या सहकारी कारखान्यांचे लिलाव झाले आणि खासगी पाट्या लागल्या, तिथल्या सभासदांचे शेअर कुठे गेले, हे विचारायची सोय कुणी ठेवली नाही.

आता इथेनॉलचा विषय घ्या. नितीन गडकरी कित्येक वर्षे इथेनॉलचा पुरस्कार करतात आणि त्यांच्या मुलांच्या कंपन्या इथेनॉल बनवतात. 2025 मध्ये काँग्रेसने यावर बोट ठेवले. ही पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे, असे गडकरी म्हणाले. इथेनॉलचे धोरण पेट्रोलियम मंत्रालयाकडे असते हेही खरे. असेल, त्यांचेच बरोबर असेल. पण हे ठरवायला आमच्या हातात कागद कुठला? टीव्हीवरची आरडाओरड, बस. तिकडे कॅनडात पॉल मार्टिन नावाच्या पुढाऱ्याची जहाजांची कंपनी होती. 2003 साली पंतप्रधान होण्याआधी त्याने ती मुलांच्या हवाली केली, तरी लोकांनी त्याला सुखाने बसू दिले नाही. मुलांच्या नावे करणे हा तिकडे वादाचा विषय. आपल्याकडे तो चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरचा विषय : युवा उद्योजक, भावी आमदार.

तर साहेब, अभिनंदन पुरे झाले, आता मागणे. कारखाना सोडा असे आम्ही म्हणत नाही. तुम्ही सोडलात तर पोरगा येणार, पोराने सोडला तर सूनबाई. मागणे एवढेच, की काय कुणाचे ते उघड लिहून ठेवा. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांचे रजिस्टर असते. कुठल्या कंपनीत संचालक, कुणाचे मानधन, कुठे शेअरची पकड, सगळे त्यात लिहायचे असते. लोकसभेत ते नाही. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उत्पन्नाचे मार्ग आणि सरकारी कंत्राटे सांगावी लागतात, सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालामुळे. पण तो कागद पाच वर्षांतून एकदा निघतो, आणि त्यात बायको व अवलंबून असलेली माणसे येतात. तीस-पस्तीस वर्षांचा उद्योजक मुलगा अवलंबून नसतो. अवलंबून आम्ही असतो.

म्हणून विधानसभेत आणि विधान परिषदेत असे रजिस्टर ठेवा, दरवर्षी भरा, त्यात सहकारी संस्था धरा, कमावती मुले-सुनाही धरा, आणि ते तहसील कचेरीच्या भिंतीवर मराठीत लावा. ते होईपर्यंत, उसाच्या भावावर बोलायला सभागृहात उभे राहाल तेव्हा पहिले वाक्य एवढेच म्हणा : अध्यक्ष महोदय, माझा स्वतःचा कारखाना आहे.

कळावे,
आपला नम्र मालक (कागदोपत्री),
एक ऊस उत्पादक सभासद
हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली