आधी कोनशिला, मग जाळी

पिशोरसारख्या मोठ्या गावात पोरांच्या मैदानावर चढायला दोराची जाळी बसवायची असेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी: जाळी हा त्या कामाचा सगळ्यात किरकोळ भाग आहे. काम कोनशिलेपासून धरावं. ग्रॅनाइट काळा, अक्षरं सोनेरी. नावांचा क्रम लावायला जाळी विणण्याहून जास्त दिवस लागतात, म्हणून ते आधी उरकावं. कोनशिलेचा पाया खोल घ्यावा, सिमेंटला हात आखडू नये. तिच्यावर कोणी चढणार नसलं तरी ती हलता कामा नये.

मग ठराव. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. त्यांतली 1 मेची निवडावी. त्या उन्हात हरकत घ्यायला कोणी थांबत नाही. ठरावात ‘दोर’ हा शब्द येऊ देऊ नये, ‘बालक्रीडा साहित्य बसविणे’ असं मोघम लिहावं, म्हणजे पुढे जाळीऐवजी दोन सिमेंटची बाकडी आली तरी ठराव खोटा ठरत नाही. कोटेशनं तीन लागतात. तिन्ही एकाच हस्ताक्षरात नसावीत, एवढी काळजी पुरे.

आता दोर. तागाचा देखणा दिसतो, पण पावसाळ्यात कुजतो आणि त्याआधी शेळ्या तो चघळतात. नायलॉन भिजला की ताणला जातो, मग जाळी झोळीसारखी लोंबते. बाजारातला स्वस्त, निळा, प्लॅस्टिकचा दोर मराठवाड्याच्या उन्हात लवकरच भुरा पडतो. मुठीत धरला की तुसं हाताला लागतात. उन्हाला सगळ्यांत टिकतो तो पॉलिएस्टरचा. 1970च्या दशकात कॉनराड रोलंड या जर्मन वास्तुकारानं पोरांसाठी दोरांच्या मोठमोठ्या अधांतरी जाळ्या उभ्या केल्या. तसल्या जाळ्यांच्या दोरात पोटातून पोलादी तार घातलेली असते, सहजासहजी कापला जाऊ नये म्हणून. आपल्याकडे तसा दोर आणू नये. इतका मजबूत दोर मैदानावर मोकळा दिसला, तर बोअरमधली मोटार त्याला टांगण्यावाचून माणसाचा इलाज राहत नाही.

दोर बांधायचा कसा, यासाठी पोळ्याच्या बाजारात जावं. कासरे, वेसणी, म्होरक्या मांडून बसलेला एखादा म्हातारा अजून सापडतो. त्याच्यापुढे जाळीचा एक कोपरा टाकावा. ठेकेदाराच्या पोरानं मारलेली गाठ तो चिमटीत धरतो, एक टोक ओढतो आणि गाठ सुटून त्याच्या मांडीवर पडते. सुरगाठ! मग तो दोराचं टोक उलट्या पिळानं उकलतो, तिन्ही पेड वेगळे करतो, दुसऱ्या दोराचा पीळ अंगठ्यानं फाकवून एकेक पेड खालून घालतो, वरून काढतो, दातात धरून ओढतो. असं तीनदा करून सांधा पायाखाली लोळवतो. बोट फिरवलं तर सांधा जेमतेम हाताला लागतो. ‘‘निरगाठ तरी कामून मारायची, सायेब? गाठ बशिली की दोर तिथंच तुटतो.’’ हे शास्त्रालाही मान्य आहे. गाठीपाशी दोर अरुंद वळणात दुमडतो, सगळा ताण काही धाग्यांवरच येतो आणि त्याची ताकद बरीच घटते. गुंफलेल्या सांध्यात ती पुष्कळ टिकते. मात्र म्हाताऱ्याकडे जीएसटी क्रमांक नाही, त्यामुळे तो कोटेशन देऊ शकत नाही. त्याच्याकडून फक्त सल्ला घ्यावा, तोही फुकट.

जाळीच्या एका घराचा परीघ 17 इंचांच्या आत असावा, नाहीतर 28 इंचांच्या वर, असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मैदानांवरची पुस्तिका सांगते. मधल्या मापातून लहान पोराचं अंग निघून जातं आणि डोकं अडकतं. म्हणजे चौकोनाची बाजू चार इंच चालेल, आठ इंच चालेल. ठेकेदाराला सहा इंच आवडतं. चार इंचांना दोर फार जातो आणि आठ इंच ‘विरळ दिसतं’. सहा चोक चोवीस, हा हिशेब त्याच्यापुढे करू नये; कोटेशन मंजूर झालेलं असतं.

खांब पुरताना जमीन बघावी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यातला खांब दरवर्षी थोडा कलतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायचा असतो. पण कोनशिलेतून उरलेलं सिमेंट इतक्या खोलवर पुरत नाही. तेव्हा खांब दीड फुटावर उभे करावेत आणि कललेच तर ते तसेच डिझाइन आहे, असं सांगावं.

राहिली वाळू. ती जाळीखाली टाकतात, हे ऐकून पुष्कळांना हसू येतं. पण वर सांगितलेली पुस्तिका डांबर, काँक्रीट आणि चोपून घट्ट झालेली माती तिन्ही नाकारते. नऊ इंच वाळू चार फुटांवरून पडलेल्या पोराला झेलते, आणि दबून नऊ इंच राहायची तर सुरुवातीला बारा इंच टाकावी लागते. बारा फूट रुंद जाळी, चहूबाजूंना सहा-सहा फूट मोकळी जागा: चोवीस बाय बारा, एक फूट जाडी, म्हणजे 288 घनफूट. जवळजवळ तीन ब्रास. सरकारनं 2023मध्ये वाळू 600 रुपये ब्रासनं द्यायचं जाहीर केलं, तेव्हा कागदावर हा खर्च अठराशे रुपयांचा होता. प्रत्यक्षात ज्या गावात निम्मी घरकुलं वाळूवाचून अडलेली असतात, तिथे तीन ब्रास वाळू रात्रभर उघड्यावर ठेवणं म्हणजे पोरांच्या सुरक्षेपेक्षा गावकऱ्यांच्या चारित्र्याची परीक्षा. मला तरी त्यांना चोर म्हणवत नाही. डोक्यावर पत्रा नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं पोर पडेल ही काळजी दूरची वाटते. अंदाजपत्रकातून वाळू वगळावी. तिच्यावर फोटो चांगला येत नाही.

उद्घाटनाला पाहुण्यांनी एक पाय जाळीच्या पहिल्या घरात ठेवावा, त्याहून वर चढू नये. पोरं तोवर बाजूच्या वडाच्या पारंब्यांना लोंबकळत असतात. त्यांना खाली उतरवून रांगेत बसवावं.

नवरात्राच्या आधी गोधड्या धुतल्या जातात, तेव्हा जाळीचा खरा उपयोग गावाला कळतो. इतकी उंच, हवेशीर, दोन्ही बाजूंनी ऊन लागणारी वाळवण दुसरी नाही. मात्र ओली गोधडी जड असते, तिच्या ओझ्यानं दोर ताणला जातो आणि सांधे ढिले पडतात. पहिल्या पावसानंतर आणि गोधड्यांनंतर जाळी पुन्हा ताणून घ्यावी लागते. पोळ्याच्या बाजारातला तो म्हातारा हे करायला तयार आहे, येण्याजाण्याचे आणि चहाचे मिळून शंभर रुपये मागतो. ते कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, याचं मार्गदर्शन पंचायत समितीकडून मागवावं आणि उत्तर येईपर्यंत म्हाताऱ्याला थांबायला सांगावं.