भरताच्या दिवसांतले संकल्प

नव्या वर्षाचे संकल्प जानेवारीत करायची प्रथा ज्याने पाडली, तो खानदेशातला नक्कीच नसणार. जामनेरला जानेवारी म्हणजे भरताचा ऐन हंगाम. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसलेली जळगावची हिरवी वांगी शेताशेतांत कपाशीच्या काड्यांवर भाजली जात असताना ‘यंदा वजन उतरवणार’ म्हणणं म्हणजे श्रावणात मटणाचं दुकान टाकणं.

शिवाय इथे संकल्प खासगी राहत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने सद्‌गुणांची यादी केली होती आणि रोजच्या चुकांचे ठिपके तो वहीत मांडायचा. आधी गुण बाराच होते. ‘तू गर्विष्ठ आहेस’ असं एका मित्राने ऐकवल्यावर त्याने तेरावी नम्रता जोडली. ऐकवणारा एकच होता म्हणून तेरावर भागलं! माझा पहिला संकल्प रोज चालण्याचा. पाचोरा-जामनेर गाडी २०२० पासून बंद. तेव्हा जुन्या स्टेशनाच्या बाजूला निवांत चालता येईल, असा माझा हिशेब. पण टपरीपाशीच पहिला ठिपका पडतो: “काय भो, शुगर निंघाली का?” पुढच्या चौकात शुगर पक्की झालेली असते. परतेपर्यंत औषध सुचवणारे भेटतात.

दुसरा संकल्प परोपकाराचा, तोही गाजावाजा न करता. आदर्श जिल्ह्यातलाच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलं खोलीत नसताना त्यांची अंथरुणं आवरून ठेवत, खोल्या झाडत. गुरुजींना ते शोभलं. मी गुपचूप दोन भांडी घासली, की आतून आवाज येतो, “काय फोडलं?”

मग बाहेरच्यांचं भलं करायचं ठरवलं. शेजारच्या काकांची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, राहिली होती. ही नोंद ओट्यावर बसून होत नाही. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. काकांचं शेत लांब, रस्ता बैलगाडीचा. हरभऱ्यात उभे राहून आम्ही दोघं फोन आभाळाकडे धरत होतो. रेंज आली तर ओटीपी येईना. ओटीपी आला तेव्हा काकांचा चष्मा घरी असल्याचं कळलं. शेवटी फोटो गेला. डॉक्टर, पत्नी आणि टपरी मिळून मला जेवढं चालवू शकले नव्हते, तेवढं त्या सकाळी चालणं झालं.

परोपकाराने आत्मोन्नती साधते ती अशी, असं मनात येतंय तोच बांधावरून धुराचा वास आला. काकूंनी वांगी भाजायला टाकली होती. हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून सढळ हाताने तेल, आणि कळण्याच्या पुऱ्या. नाही म्हणून पाहिलं. “मंग आमचं फुकटचं काम कसं घेवाचं?” काका म्हणाले. दुसऱ्या पुरीनंतर त्यांनी बांधापलीकडे हाक मारली, “ओ आप्पा, या इकडे! फोटोवाले भाऊ आलेत. तुमचंबी राह्यलं ना?”

आप्पांच्या शेतातूनही धूर निघत होता.