विंचवाचं बिऱ्हाड नाकावर

गाडीला विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र, बसवल्यापासून माझ्या मनात लोकांविषयी वाईट विचार येऊ लागले. समोरून धडधाकट गाडी येताना दिसली, की वाटायचं, ही जरा डावीकडे घसरावी. फार नाही, पुढची दोन चाकं चरात जावीत. मग मी सावकाश खाली उतरणार, हातमोजे चढवणार, "घाबरू नका" म्हणणार. या अभद्र आशेवर मी दोन पावसाळे मुळशी-ताम्हिणीचा रस्ता झिजवला. लोक इतकं जपून गाडी चालवतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

विंचची किंमत बायकोला मी तीन हप्त्यांत सांगितली होती. तिसरा हप्ता ऐकून ती म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तुमचं नाकावर." सोसायटीतल्या एकानं बंपरकडे बघून विचारलं, "स्पीकर का हो?" त्याला मी साडेनऊ हजार पौंड, म्हणजे सुमारे 4300 किलो ओढण्याची ताकद समजावून सांगितली. तेव्हापासून तो जिन्यानं जातो.

पुस्तिका मात्र बायकोनं वाचली. तिला कळलं ते असं, की ही ताकद ड्रमवर दोराचा अगदी आतला थर उरलेला असतानाची. वर जितके थर, तितका घेर मोठा आणि ओढ कमी. म्हणून सगळा दोर सोडूनही चालत नाही, निदान पाच वेढे ड्रमवर राहावेच लागतात, नाहीतर टोक निसटतं. "म्हणजे नुसतं गुंडाळून बसलेलं असताना," ती चष्मा काढत म्हणाली, "हे काय आणि तुम्ही काय, सांगता तेवढे नाही."

दोराचा विषय निघालाच आहे तर आजोबांची विहिरीवरची मोट सांगायलाच हवी. बायको म्हणते, दोराचा विषय कुणी काढलेला नसतानाही मी ती सांगतो.

माझी विंच 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आजोबांची दोन बैलांवर चालायची. मोटेला दोर दोन. जाड तो नाडा, वरच्या चाकावरून मोटेच्या तोंडाशी जाणारा. बारीक तो सोंदूर, खालच्या कण्यावरून सोंडेला बांधलेला. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर यायची, सोंड सुटायची आणि पाणी भसकन थारोळ्यात. मग तेच बैल उलट्या पावलांनी धाव चढायचे, मागं न बघता. मला आरसे, कॅमेरा आणि वाजणारा सेन्सर असून पार्किंगमध्ये जे साधत नाही, ते त्यांना नुसत्या आजोबांच्या हाकेवर साधायचं. बैल उतरताना आजोबा खुशाल नाड्यावर बसायचे, आपलं वजन तेवढंच कामी यावं म्हणून. आणि गायचे. आवाज बेताचाच होता, पण बैलांनी कधी तक्रार केली नाही. माझ्या पुस्तिकेत लिहिलंय, ताणलेला दोर ओलांडूसुद्धा नका.

आजोबांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं अर्धीच होती. "नाड्यानं खाल्ली," ते सांगायचे, आणि त्याच हातानं सुपारी कातरायचे. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. पुढं आजीनं सांगितलं, चाकावरून उतरलेला नाडा ते परत बसवत होते आणि बैल अर्धं पाऊल पुढं सरकले. अर्धंच.

विंचच्या आकड्याला एक लाल पट्टी असते. ती मला शोभेची वाटायची. दोर गुंडाळताना आकडा हातानं न धरता त्या पट्टीनं धरायचा असतो, म्हणजे बोटं रोलरमध्ये जात नाहीत.

तर मागच्या जुलैत वेल्ह्याकडे अखेर एक गाडी रुतली. माझी. भाताच्या खाचरांमधून जाणारी पायवाटेएवढी वाट मी "गाडी जाते" म्हणून घेतली आणि चारही चाकं अर्धी चिखलात गेली. सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो? लावणी सोडून जमलेल्या मंडळींना मी बॉनेटला टेकून 4300 किलोचा आकडा सांगितलाच.

हातमोजे घरी होते, बायको ते गुलाब छाटायला वापरते. स्वयंपाकाचे, तव्याला धरायचे दोन सापडले. त्यावर आंबे छापलेले होते. पुढच्या जांभळीला, साल सोलू नये म्हणून, रुंद पट्टा गुंडाळला, त्याला कप्पी लावली आणि आकडा परत गाडीच्या हुकाला आणला. त्यानं ओढ दुप्पट होते, वेग निम्मा. ताणलेल्या दोरावर जड काहीतरी टाकायचं असतं, तुटलाच तर उसळी कमी व्हावी म्हणून. डब्याखाली अंथरायची सतरंजी ओली करून टाकली. इंजिन चालू ठेवलं आणि रिमोट दाबला.

आपल्याकडे ताणलेला दोर म्हणजे लोकांना कठडा वाटतो. एक जण त्याला टेकला. दुसरा त्यावर बोट वाजवून बघत होता. तिसरा मोबाइल घेऊन नेमका दोराच्या रेषेत उभा. आणि आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं, टांग टाकून दोर ओलांडायला निघालेलं.

मी ओरडलो. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. लावणीचं गाणं थांबलं. बायकोनंही दचकून बघितलं. त्या क्षणी मला 4300 हा आकडा आठवला नाही, सुपारी कातरणारा हात आठवला. ताणलेली तार सुटली तर ओरडायलाही वेळ देत नाही, हे मी त्यांना सांगायला गेलो, पण शब्द नीट जुळेनात. नुसता हात करत राहिलो, मागं, अजून मागं. दोर सोडलाय त्याच्या दीडपट तरी लांब. मंडळी रागावून सरकली. "रुतले हे आणि वर आम्हालाच ओरडतात," कुणीतरी म्हणालं. बरोबरच होतं.

गाडी इंचाइंचानं निघाली. जांभळीपाशी कोरड्यावर आली तेव्हा मी आंब्यांचे हातमोजे उंचावून अभिवादन केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"काका," ते पोरगं लांबूनच म्हणालं, "हा रस्ता इथंच संपतो. तुम्हाला जायचंय कुठं?"

"पुण्याला."

"मग ते तर मागं आहे."

विंच पुढं बसवलेली असते, त्यामुळे ती पुढंच ओढते. ही गोष्ट पुस्तिकेत नव्हती, तिथं लिहिण्याइतकी ती अवघड नसावी. बायको काही बोलली नाही. तिनं सतरंजी पिळून परत माझ्या हातात दिली.

मी गाडी वळवली, पलीकडच्या आंब्याचा अंदाज घेतला आणि दोर सोडायला लागलो. पोरगं न सांगता मागं झालं. मग त्यानं दोन्ही हात पसरले, आणि मोबाइलवाल्यासकट सगळ्या मोठ्या माणसांना रेटत रेटत बांधापर्यंत नेलं.