आमचे अनुस्वार परत करा

वाचनालयाची जुनी मासिके स्कॅन करणाऱ्या कंत्राटदारांस,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमची हार्ड डिस्क काल रात्री उघडली. माझ्या आजोबांनी आपल्या गुरुजींवर लिहिलेला एक लेख त्या मासिकांत होता. तो सापडला. पण ‘त्यांचा’ होते तिथे ‘त्याचा’ झाले आहे, ‘त्यांना’चे ‘त्याना’. आजोबांनी ज्यांच्यापुढे जन्मभर मान खाली घातली, त्यांना तुम्ही पानभर अरेतुरे केले आहे.

हे कसे घडले ते सांगतो, कारण तुम्ही पाने पुन्हा पाहिलीच नाहीत. तुम्ही 150 डीपीआय ठेवलेत आणि ग्रेस्केल सोडून निव्वळ काळे-पांढरे निवडलेत. अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटर धरला तर 150 वर त्याच्या वाट्याला जेमतेम तीन पिक्सेल येतात, 400 वर आठ. त्यात जुनी शाई फिकटलेली. काळ्या-पांढऱ्यात ठरावीक छटेहून फिकट ते सगळे पांढरेच होते. ठिपका गेला. ग्रेस्केलमध्ये 256 छटा असतात. ठिपका पुसट दिसला असता, पण दिसला असता. आणि 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचे हे अंक! ‘तें’, ‘केलें’, ‘घरांत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वारही त्यांत ओळीओळीला होते. त्या काळाची मराठी कशी लिहिली जात होती याचा तो पुरावा होता. तुम्ही तो कचरा समजून झाडलात.

छायाचित्रांचे तर डांबराचे डाग झाले आहेत. एका लेखिकेचा चेहरा होता तिथे दोन काळे खड्डे उरले आहेत.

यंत्रही चुकीचे निवडलेत. पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस सेन्सर असतो. काचेला टेकलेला कागद त्याला नीट दिसतो, पण बांधणीपाशी पान जरा उचलले की अक्षरे विरघळतात. सीसीडी सेन्सरच्या स्कॅनरची नजर याहून खोल जाते. बांधीव खंडाला तर वरून कॅमेरा असलेला बुक स्कॅनरच हवा. त्यात खंड अर्धवट उघडा ठेवता येतो आणि जुनी शिवणही तुटत नाही. तुमच्या प्रत्येक डाव्या पानावर ओळीओळीच्या शेवटच्या दोन-दोन अक्षरांची राख झाली आहे.

जागा वाचवायची होती, असे तुम्ही ग्रंथपालांना सांगितलेत. हिशेब करू. सहा बाय नऊ इंचांचे पान, 400 डीपीआय, 8 बिट ग्रेस्केल: 2400 गुणिले 3600, म्हणजे न दाबलेल्या टिफमध्ये सुमारे साडेआठ एमबी. एक टीबीच्या डिस्कवर अशी लाखाहून जास्त पाने मावतात. आमची सगळी मासिके मावून डिस्क रिकामी राहिली असती.

फाइल अति दाबण्याचा मोह किती घातक असतो, तेही ऐका. 2013 मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्सची काही यंत्रे स्कॅन करताना 6 च्या जागी 8 बसवत होती. फाइल लहान करण्याच्या पद्धतीत सारखी दिसणारी चिन्हे एकच समजली जात होती. कागदावर एक आकडा, फायलीत दुसरा, आणि दिसायला तो अगदी स्वच्छ. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात किती अंतर आहे ते तुम्हीच पाहा.

तरी हे सगळे मी पोटात घातले असते. स्कॅन बिघडला तर पुन्हा करता येतो. पण ‘आता डिजिटल झाले’ म्हणून स्कॅन झालेले गठ्ठे तुम्ही रद्दीत घातलेत. एकही पान पडताळून न पाहता. ती मासिके परत येणार नाहीत, आणि याबद्दल मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

मागच्या खोलीत अजून नऊ गठ्ठे आहेत. त्यांना हात लावण्याआधी सर्वांत फिकट छपाईचे एक पान काढा, 400 वर, ग्रेस्केलमध्ये, टिफ म्हणून स्कॅन करा, ऑटो सुधारणा बंद ठेवा. मग मला बोलवा. मूळ पान हातात धरून, भिंग घेऊन, मी तुमच्या शेजारी बसून अनुस्वार मोजेन.

वाचनालयाचा एक सभासद