पुण्यातील फ्लॅट : लक्षणे आणि प्रसार

पुण्यातील फ्लॅट हिंजवडीपासून नेहमी ‘फक्त दहा मिनिटांवर’ असतो. ही मिनिटे पहाटे चारला मोजलेली असतात. शहर वाढते ते गावे पोटात घेऊन : २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये आणखी २३. महापालिकेकडून गावात आधी कराचे बिल पोहोचते, मागून रस्ता, आणि पाणी सवडीने. तोवर टँकर असतोच. इमारतीला नाव मिळते ते तिथे तोडलेल्या झाडाचे. खिडकीतून टेकडी दिसते, शेजारचा टॉवर उभा राहीपर्यंत. महारेरा आल्यापासून नव्या प्रकल्पात चटईक्षेत्र सांगूनच विक्री करावी लागते. त्यामुळे जिना आणि लिफ्ट आता चौरस फुटांत नव्हे, दरात मावतात. मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभारही भरायचा असतो, मेट्रो दाराशी येवो न येवो.

तरीही माणसे येतच राहतात, कारण नोकऱ्या इथे, कॉलेजे इथे. शिवाय पुणेकर म्हणवून घ्यायला पूर्वी सदाशिव पेठेत जन्मावे लागे. आता वीस वर्षांचा हप्ता पुरतो.