गेम संपवलेला माणूस

गेम खेळणारे घरोघरी असतात. गेम संपवणारा मात्र सोसायटीत एखादाच. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी सहकारी बँकेत, कमरेला पट्टा आणि सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये डोळे तांबारलेले. आपण काही विचारलेलं नसतं. तोच खालच्या आवाजात सांगतो, "संपवली काल." नवखा शेजारी दचकतो आणि आधी वहिनींची चौकशी करतो.

खेळून झालं तो पूर्वरंग. उत्तररंग लिफ्टमध्ये लागतो. प्रत्येक गेमला तो दहापैकी गुण देतो आणि तेही दशांशात. साडेआठ वगैरे हौशी लोकांनी म्हणावं, हा ८.७ म्हणतो. जन्मभर व्याजाचे दर लावलेला हात आहे. उरलेले १.३ कुठे कापले याचं स्पष्टीकरण मागायचं नसतं, कारण ते मिळतं.

"रेड डेड रिडेम्प्शन २ मधलं मी काहीही फोडणार नाही हं," असं म्हणून तो सुरू करतो. "१८९९ सालची अमेरिका. दरोडेखोरांची टोळी. त्यातला आपला आर्थर मॉर्गन. त्याला क्षय होतो, ते मी सांगणार नाही." लिफ्ट तळमजल्यावर टेकेपर्यंत आर्थरचं दहावं-बारावंही उरकलेलं असतं. ही गेम २०१८ची. चार-पाच हजारांची गेम सेलमध्ये हजाराच्या खाली आल्याशिवाय तो हात लावत नाही, त्यामुळे त्याचे ताजे अभिप्राय नेहमी पाच-सात वर्षांचे शिळे असतात. पण या गेममधल्या घोड्याबद्दल बोलताना त्याचा आवाज आजही भरून येतो. घोड्याला रोज खरारा केला, चारलं, थोपटलं की तो आपल्याला जीव लावतो म्हणे. हे सांगताना तो ज्या स्कूटरला टेकून उभा असतो, तिच्या सीटवरच्या धुळीत पोरांनी बदाम काढून ठेवलेला असतो.

त्याच्या आवडीची यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. राजे, राक्षस, तलवारी हे सगळं ठीक, पण त्याचे नऊच्या वरचे गुण नेहमी हमालीला जातात.

'डेथ स्ट्रँडिंग' घ्या. हिदेओ कोजिमा या जपानी दिग्दर्शकाची २०१९ची गेम. नायक पाठीवर खोक्यांची उतरंड घेऊन डोंगर, नद्या, दगडधोंडे तुडवत लोकांची पार्सलं पोचवतो. तोल गेला की सावरायचं, माल भिजू द्यायचा नाही. संपवणाऱ्याने अख्खी अमेरिका अशी पायी पालथी घातली आणि वर म्हणाला, "माणसं जोडण्याची गोष्ट आहे हो ही." त्याच वेळी खालून वॉचमनने हाक मारली की तुमचं पार्सल आलंय. वहिनी गेल्या.

'पेपर्स, प्लीज' ही २०१३ची. त्यात आपण आर्स्टोट्झ्का नावाच्या कल्पित देशाच्या नाक्यावरचे कारकून. येणाऱ्याचा पासपोर्ट बघायचा, फोटो जुळतो का, मुदत संपली का, शिक्का बरोबर आहे का, मग मंजूर किंवा नामंजूर. चुका वाढल्या की पगारातून दंड, आणि पगार कमी पडला की घरची माणसं गारठतात. दिवसभर काउंटरवर केवायसीचे कागद तपासून आलेला हा गृहस्थ जेवण उरकतो आणि रात्री एकपर्यंत पुन्हा कागदच तपासतो. फरक एवढाच, की तिथे "साहेब, उद्या आणून दिलं तर चालेल का?" असं कुणी म्हणत नाही.

त्याच लुकास पोपची २०१८ची 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. यात आपण ईस्ट इंडिया कंपनीकडून आलेले विम्याचे निरीक्षक. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं, कोण कुणाच्या हातून आणि कसं गेलं, ते एकेक शोधून वहीत नोंदवायचं. त्याने साठच्या साठ दावे निकाली काढले. घरचा मेडिक्लेमचा फॉर्म फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.

'स्टारड्यू व्हॅली' मात्र वहिनींसमोर काढायची नाही. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून ती केली आणि २०१६मध्ये आणली. कंपनीतल्या नोकरीला वैतागलेला नायक आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर जातो, तण काढतो, दगड फोडतो, रोज सकाळी रोपांना पाणी घालतो. "मातीची ओढ वेगळीच असते," हे संपवणाऱ्याचं त्यावरचं मत. त्याच्या खऱ्या आजोबांची जमीन संगमेश्वरकडे आहे. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे एक फेरी मारायची आहे. चुलतभाऊ दर गणपतीत आठवण करतो. वहिनींचं म्हणणं, तलाठी टीव्हीवर आला तर हे लगेच भेटतील.

भाच्याशी त्याचं जमत नाही. भाचा मोबाइलवर मित्रांबरोबर बीजीएमआय खेळतो. "शेवटच नाही तिला! ज्याला शेवट नाही ती गेम कसली, ती नोकरी," असं संपवणारा त्याला बजावतो. भाचा म्हणतो, "मामा, तू सगळं ईझीवर खेळतोस." हा घाव वर्मी लागल्यामुळेच त्याने 'एल्डन रिंग' घेतली, २०२२च्या या गेममध्ये सोपं-कठीण निवडायची सोयच नाही. तिच्यातली मलेनिया नावाची बाई आपल्याला मारते आणि प्रत्येक फटक्यागणिक तिची स्वतःची तब्येत सुधारते. "अशी दोन माणसं आमच्या हेड ऑफिसात आहेत," एवढाच अभिप्राय त्याने दिला. गुण दिले नाहीत. अर्थ सगळ्यांनी समजून घेतला.

पुण्यात तयार झालेली 'राजी' त्याने अभिमानाने संपवली. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची २०२० सालची ही गेम. आपली देवळं, आपले देव, म्हणून कौतुक करकरून झालं आणि गुण पडले ७.४. पुण्याच्या मालाला पुणेकराने याहून जास्त दिले असते तर संशय आला असता. भावाबहिणीच्या प्रेमावर मात्र तो अर्धा तास बोलला. बहिणीचा मिस्ड कॉल तेव्हा दुसऱ्यांदा आलेला होता.

कामचुकार म्हणून त्याला मोडीत काढणं सोपं आहे, पण कामाचा त्याला कंटाळा नाही. संपत नाही त्या कामाचा आहे. गेममध्ये पार्सल पोचलं की पोचलं, दावा सुटला की सुटला, पीक आलं की दुसऱ्या दिवशी पैसे हातात. आणि शेवटी पडद्यावर नावं वर सरकू लागतात, ती तो एकही न गाळता वाचतो. त्यात चित्रकार असतात, वादक असतात, आणि बरंच खाली, बाकीचे लोक रिमोट शोधू लागतात तेव्हा, हिशेब खात्यातल्या लोकांचीही नावं येतात. तिथे तो चष्मा पुसतो.

त्याच्या शाखेत ३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत ताळेबंद जुळवतात. जुळतो. कुणाचं नाव कुठेच सरकत नाही. १ एप्रिलला सकाळी सरकतं ते टार्गेट, आणि तेही वरच.